गोळ्या श्रावणापर्यंत तहकूब

पुरुष किती पितो हा अंकगणिताचा विषय आहे आणि बाई प्यायली का हा सर्वसाधारण सभेचा, हे सत्य परळ-लालबागमध्ये तरी कुणी नाकारणार नाही. सोसायटीचा मानद सचिव या नात्याने मी ते कागदोपत्री सिद्ध करू शकतो.

फेब्रुवारीत आमच्या टॉवरच्या (पूर्वीची चाळ, माणसं तीच, लिफ्ट नवीन) हॉलमध्ये आरोग्य शिबिर झालं. विषय नाजूक होता, मद्यपान आणि गुप्तरोग. बॅनरवर 'कौटुंबिक स्वास्थ्य' असं छापून मी तो कौशल्याने हाताळला.

फॉर्मवर 'मद्यपान' या सदरात बासष्टपैकी अठ्ठावन्न पुरुषांनी 'कधीतरी' लिहिलं, चौघांनी 'सोशली'. ('रोज'वर कुणाचीच खूण नाही. कोपऱ्यावरचं वाईन शॉप कुणाच्या जिवावर चालतं, देव जाणे.) बायकांचे फॉर्म नवऱ्यांनी किंवा सासवांनी भरल्यामुळे तिथे एकमताने 'नाही' आलं. अपवाद नवव्या मजल्यावरच्या प्रितीचा. ती बँकेत आहे आणि स्वतःचा फॉर्म स्वतः भरते. तिने लिहिलं, 'महिन्यातून दोनदा, बिअर.' तिच्यासाठी तातडीची सभा घ्यावी लागली.

मग तपासणी झाली. बायका निमूट रांगेत उभ्या राहिल्या. पुरुषांपैकी एकानेही नमुना दिला नाही. "आपल्याला काय धाड भरलीय?" हे आमचे अध्यक्ष प्रफुल्ल यांचं म्हणणं सर्वांनी उचलून धरलं. निकाल असा: संसर्ग झालेल्या बायका अकरा, पुरुष शून्य. आणि प्रितीचा रिपोर्ट एकदम स्वच्छ!

आता तुम्हीच विचार करा. पितात ते निरोगी, पीत नाहीत त्या आजारी, आणि पिणारी एकुलती एक बाई ठणठणीत. दारूने जंतू मरतात हे करोनात आपण तळहातावर चोळून पाहिलंच आहे. मी अहवालात लिहिलं, 'महिलांनी प्यावी असं समिती संस्कृतीमुळे सुचवू शकत नाही. सबब पुरुषांनी त्यांच्या वाटचीही घ्यावी.' ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

शिबिराच्या डॉक्टर नूपुर (वय तिशीचं, बोलणं हेडमास्तरणीचं) यांना अहवाल पटला नाही. "पुरुषांमध्ये हा जंतू बहुतेक वेळा गपचूप बसतो," त्या म्हणाल्या, "त्रास होतो बायकांना. तुम्ही तपासून घेतलंच नाही म्हणून तुमचं शून्य. आणि टाइट झाल्यावर कुठे गेलात, काय वापरलंत, काय नाही, हे तुमच्यातल्या कुणाला आठवतं तरी का?" कुणालाच आठवेना. मला तर अजून आठवत नाही.

त्या अकरा जणींत आमची अनुजा होती. (पत्नी.) दिवाळीपासून तिचं पोट दुखायचं, जळजळ व्हायची, तशीच ऑफिसला जायची. डॉ. नूपुरच्याच दवाखान्यात दोनदा गोळ्या घेतल्या, दोनदा बरी झाली, दोनदा पहिले पाढे पंचावन्न. "सचिवसाहेब," डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आम्ही तिला बरी करतो आणि तुम्ही पुन्हा आजारी करता. हे असंच चालू राहिलं तर मूल राहायलासुद्धा अडचण येऊ शकते." अनुजाला मूल हवं आहे. मलाही हवं आहे.

प्रत्येकीला दोन पाकिटं मिळाली, एक तिचं, एक नवऱ्याचं. सात दिवसांच्या गोळ्या. अट एकच, त्या काळात दारूचा थेंब नाही.

इथे खरी वैद्यकीय अडचण उभी राहिली. आम्ही अकरा नवरे कॅलेंडरपुढे उभे राहून सलग सात कोरडे दिवस शोधू लागलो. शिमगा आला. मग मॅचेस. मग प्रफुल्लची रिटायरमेंट. मेमध्ये आमच्यातल्याच हितेंद्रच्या भावाची हळद. आणि रविवार तर दर आठवड्याला येतो, त्याला कोण काय करणार? शेवटी दगडूकाका (वय एकाहत्तर, ते यादीत कसे, हे कुणी विचारलं नाही) म्हणाले, "रे, श्रावण पाळतंव ना आपण? गोळये तेव्हाच घेवया."

काय डोकं चालतं म्हाताऱ्याचं! देवाचं आणि डॉक्टरचं काम एकाच महिन्यात उरकणार होतं. यंदा अधिक मासामुळे श्रावण लांबला होता, पण पंचांगापुढे समितीचा इलाज नव्हता. ठराव क्रमांक सात: गोळ्या श्रावणापर्यंत तहकूब.

घरी अनुजाला ठराव वाचून दाखवला. ती पालेभाजी निवडत होती.

"अहो, श्रावण कधी आहे?"

"ऑगस्टमध्ये."

"बरं. माझा आजपासून."

तिने बॅग भरली आणि गिरगावला माहेरी गेली. माझं पाकीट टीव्हीपुढे रिमोटच्या जागी ठेवलं. रिमोट घेऊन गेली.

मेमध्ये तिचा रिपोर्ट आला. स्वच्छ. तिसऱ्यांदा आजार परत आलाच नाही. मी लगेच सूचना फलकावर निष्कर्ष लावला, 'सदर विकारावर गिरगावची हवा गुणकारी.' त्याखाली प्रितीने पेनने लिहिलं, 'गिरगावात सचिव नाहीत.' (विनापरवानगी मजकूर लिहिल्याबद्दल तिला नोटीस दिली आहे.)

काल अनुजाचा फोन आला. "मला घरी यायचंय हो. पाकीट फोडलंत?"

घर खायला उठतं, हे मी कबूल करतो. म्हटलं, "रविवारी हितेंद्रकडे हळद आहे. सोमवारपासून नक्की."

तिने फोन ठेवला.

हसलात? हसा. पण सलग सात दिवस कोरडे शेवटचे कधी राहिला होतात, तेवढं आठवून सांगा. 'छे, आपण तर कधीतरीच घेतो,' असं मनात आलं असेल, तर आमच्या फॉर्मवर तुमचा नंबर एकोणसाठावा. तुमच्या नावाचं पाकीट घरात कुठे ठेवलंय, ते बायकोला विचारा.