थोडं चुकीचं इंग्रजी

जावयाशी निदान दोन शब्द बोलता यावेत, एवढ्याचसाठी टेलरकाकांनी इंग्रजी शिकायचं ठरवलं. जावई परदेशातला, माणूस सज्जन. फोनवर दिसला की हसायचा. काकाही हसायचे. जबडे दुखेपर्यंत सासरे-जावयाचा हा संवाद चालायचा.

शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, मी शिकवते. वाक्यं लिहा, फोटो पाठवा. रविवारी फोन करून चुका सांगेन."

लेक तिकडे नर्स. एरवी तिचा फोन म्हणजे "जेवलात? गोळी घेतली? ठेवते." काकू गेल्यापासून घरात आवाज करणारं शिलाई मशीनच काय ते उरलं होतं, आणि तेही काकांनी पाय हलवला तर. पण रविवारी चुका निघायला लागल्या आणि फोन लांबायला लागला. स्वल्पविराम समजावता समजावता लेक आईवर घसरायची. "आई दातांनी दोरा तोडायची आणि तुम्ही ओरडायचात, आठवतं?" काकांना आठवायचं. मग दोघंही गप्प. त्या गप्प बसण्यासाठीसुद्धा काका आठवडाभर वाट बघायचे.

पंचाईत अशी झाली, की काकांना इंग्रजी यायला लागलं. (या वयात असा अपघात होईल असं कुणाला वाटलं होतं?) चुका आटल्या, तसा फोनही आटला. काकांनी धसका घेतला. ते मुद्दाम चुकू लागले. पण स्पेलिंगमधलं अक्षर गाळ, पूर्णविराम खा, याच्यापुढे त्यांची मजल जाईना. म्हणून ते शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे गेले.

"मास्तर, मला थोडं चुकीचं इंग्रजी शिकवा."

"काय?"

"चांगल्यापैकी चुकीचं. लेकीला समजवायला तास लागेल असं."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अहो, उभा जन्म पोरांच्या चुका काढण्यात गेला माझा!"

"मग साठा असेलच की तुमच्याकडे!"

मास्तर विरघळले. (त्यांना तर कुणाचाच फोन यायचा नाही.) त्यांनी सांगितल्या तशा काकांनी पेन्सिलीने पानभर अस्सल चुका लिहिल्या. इतक्यात काकांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं. "एकदा नजर घाला आणि फोटो पाठवून द्या," म्हणून आपला फोन मास्तरांच्या हाती देऊन काका माप घ्यायला धावले.

मास्तरांनी नजर घातली, आणि तिथेच घात झाला. हात आपोआप खोडरबराकडे गेला.

रविवारी लेक आनंदाने ओरडलीच. "बाबा, एकही चूक नाही! पास झालात तुम्ही! आता शिकवणी नको. मी रविवारचीही ड्यूटी घेते म्हणते. जेवलात? गोळी घेतली? ठेवते."

काका तडक जाऊन मास्तरांवर कडाडले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही!"

"चूक झाली माझी," मास्तर खाली मान घालून म्हणाले. (हवी होती तेव्हा मात्र एकही राहू दिली नाही.)

पुढच्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसून राहिले. फोन आला नाही. त्यांना फार एकटं वाटलं. 'माझ्याशी बोल' असं सरळ म्हणायला जीभ रेटेना. मग त्यांनी स्वतःच इंग्रजीत मेसेज लिहिला: मी सगळं विसरलो, पुन्हा पहिल्यापासून शिकव. शब्दाशब्दात चुका पेरल्या. मास्तरांना दारातही उभं केलं नाही.

पाठवण्याआधी एकदा वाचला. पहिल्याच शब्दात गळलेलं अक्षर दिसलं. काकांनी जन्मात कधी वाकडी टीप घातलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हाती दिला नव्हता. एवढं एकच नीट करू, म्हणून ते नीट केलं. मग शेजारचा शब्द खुपायला लागला. तोही उसवला, पुन्हा शिवला. असं करत करत टोकापर्यंत पोचले आणि समाधानाने मेसेज पाठवून दिला. बोट उचलल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

उत्तर लगेच आलं. "विसरलात म्हणे! एक चूक नाही! बाबा, तुम्ही पण ना! तुमच्या जावयाला वाचून दाखवला. पोट धरून हसतोय."

सवयीप्रमाणे काकाही हसले.