कोपरापासून काठीपर्यंत

गोल्फची काठी उगारून कॅशियर आरशासमोर उभा होता आणि त्याची बायको पलंगावरून दिव्याच्या काचा वेचत होती.

"अहो, हा दुसरा दिवा."

"दिव्याचं काय घेऊन बसलीस! हे बघ. उजवा कोपर, मनगट आणि काठी, सगळं एका रेघेत आलं पाहिजे. व्हिडिओतला तो म्हातारा एवढंच करतो, आणि चेंडू ढगात जातो गं! मला तर भरूनच आलं."

भरून यायला दुसरंही कारण होतं. दरवर्षी बदल्यांच्या आधी मोठे साहेब एकेकाला मैदानावर नेत. ज्याचा चेंडू उडेल तो इथेच राही, ज्याची नुसती माती उडेल तो खाणीवरच्या शाखेत जाई. महिनाअखेरपर्यंत साहेबांची सही झाली नाही, तरच बदली पुढच्या वर्षावर ढकलली जाई. पण साहेब सही करायला कधी विसरत नसत. मागच्या खेपेला माती उडवणारा स्टोअरकीपर अजून खाणीवरच होता.

"मनगट ऐन वेळी वाकतं," कॅशियर रडकुंडीला येऊन म्हणाला.

बायको इस्पितळाच्या प्लास्टर खोलीत कामाला होती. वाकणाऱ्या गोष्टींवर तिच्यापाशी एकच इलाज होता.

"हात पुढे करा," ती म्हणाली. "माझी खोली सोडून मी काही खाणीवर यायची नाही."

रविवारी मैदानावर साहेबांनी प्लास्टर पाहिलं मात्र, त्यांचे डोळे विस्फारले. "हात मोडलाय, तरी आलात?"

कॅशियरने मान खाली घातली. साहेबांना तो विनय वाटला. त्याने डोळे मिटून काठी फिरवली. टक्क! डोळे उघडले तेव्हा चेंडू झाडांच्याही वर होता आणि खाली यायचं नाव घेत नव्हता. इतकी सुंदर गोष्ट आपल्या हातून झाली यावर त्याचा विश्वासच बसेना. साहेबांनी तर डोक्यावरची टोपी काढली.

"मोडक्या हाताने! असा जिद्दीचा माणूस इथे कुजवायचा? खाणीवरची शाखा बुडत चाललीय. तुम्हीच सावरा ती. उद्याच सही करतो!"

कॅशियरने काठीच टाकून दिली. "मोडला नाही हो, साहेब! जिद्द कसली आलीय? रेघ नीट यावी म्हणून बायकोनं घातलंय ते!"

साहेब रागावले नाहीत. त्यांनी प्लास्टरवरून हळूच बोटं फिरवली. "म्हणजे... मलाही घालता येईल?"

संध्याकाळी साहेब बाही वर करून कॅशियरच्या बैठकीत बसले होते.

"आणि आमची बदली?" बायकोने पट्टी बादलीत भिजवत विचारलं.

"ती झालीच म्हणून समजा. तुम्हाला काय, तिकडेही नोकरी मिळेल."

"हो का," ती म्हणाली. "सही कुठल्या हाताने करता, साहेब?"

"उजव्या. का?"

"सहज विचारलं. त्याच हाताची रेघ बिघडते."

प्लास्टर कोपरापासून निघालं, मनगट ओलांडून पुढे गेलं आणि बोटांच्या टोकांशी थांबलं.

"ह्यांची बोटं तर मोकळी आहेत," साहेब म्हणाले.

"ह्यांचं मनगटच तेवढं वाकायचं. तुमचं दुखणं जुनं आहे. दीड महिना ठेवा. भिजवायचं नाही, आणि पेन तर अजिबात धरायचं नाही."

"वा! काय रेघ आलीय!" साहेब आपला हात दिव्यासमोर धरून डोळे भरून बघत राहिले.

कॅशियर मात्र आ वासून बायकोकडे बघत होता. ती शांतपणे बादली धूत होती.