कुमुदताई आणि खालची वाट

"चोर! चोर! अहो, कुणीतरी धरा त्या बाईला! माझी बॅग!"

स्टेशनच्या पुलावर असा काही आरडाओरडा झाला की, फलाटावरच्या दोन गाड्या सिग्नल नसताना सुटल्या. निदान मला तरी तसं वाटलं. मी मेहुण्याला उतरवून घ्यायला आलो होतो. वर पाहिलं तर लातूरकडच्या एक धिप्पाड बाई जिन्यात धापा टाकत ओरडताहेत, आणि त्यांच्या वीस पायऱ्या वर, कडक इस्त्रीची साडी नेसलेली एक सत्तरीची किडकिडीत चोर हत्तीच्या पिल्लाएवढी बॅग घेऊन चढते आहे. पळत नाही, चढते आहे. वर पोचल्यावर चोराने बॅग नीट कठड्याला समांतर ठेवली, पदराने कपाळ टिपलं आणि खाली वळून सांगितलं, "एकोणपन्नास पायऱ्या आहेत. बॅगेसकट झेपल्या नसत्या तुम्हाला. या सावकाश."

तोवर पोलीस आला आणि त्याने चोरालाच विचारलं,

"बाई, या तुमच्या ओळखीच्या का?"

"नाही."

"मग बॅग का उचलली?"

"जड होती."

पोलिसाने टोपी काढून डोकं खाजवलं. असं उत्तर त्याच्या कुठल्याच कलमात बसत नव्हतं. शेवटी मीच पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, या कुमुदताई लेले. कर्वेनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. चोरी करणाऱ्यांतल्या नाहीत. मी दिलेली वाटीसुद्धा दुसऱ्या दिवशी घासून, आत गूळ घालून परत करतात."

"अहो पेंडसे," ताई म्हणाल्या, "गूळ कशाला मध्ये आणता?"

पुढे कळलं ते असं, की कुमुदताई आठवड्यातून तीन दिवस, कुठलीही गाडी पकडायची नसताना, या पुलाच्या जिन्याशी उभ्या राहतात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची ओझी उचलून वर नेतात. बोलत नाहीत, विचारत नाहीत, उचलतात. निम्मे लोक आशीर्वाद देतात, निम्मे बोंब मारतात. स्टेशन कुठलं ते सांगत नाही. पुण्यात लहानमोठी बरीच आहेत, हे त्यातलं एक जुनं, दगडी. नाव छापू नका असं ताईंनी बजावलंय, आणि त्यांचं ऐकलं नाही तर त्या पट्टी घेऊन येतात.

पट्टी खरीच. कुमुदताईंची सगळी नोकरी नकाशांच्या ऑफिसात गेली. ट्रेसर होत्या त्या. साहेबाने काढलेल्या नकाशावर अर्धपारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ काळ्या शाईने वर उतरवायची, हे त्यांचं काम. शाईचा थेंब सांडला तर पुसता येत नाही, ब्लेडच्या कडेने हलकेच खरवडावा लागतो. म्हणून त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसतो, कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असतं. "चूक पुसायची नसते, पेंडसे, खरवडायची असते," हे त्या मला आजवर चारेक हजार वेळा तरी म्हणाल्या असतील, आणि त्यातल्या निम्म्या वेळा विषय पोह्यांचा होता.

निवृत्त झाल्या तरी हात थांबला नाही. दिवाळीत त्यांच्या शंकरपाळ्या येतात तेव्हा आमची ही गवंड्याचा गुण्या लावून बघते, एकही कोन इकडचा तिकडे नसतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रंगाऱ्याने पांढरे पट्टे मारले, ते ताईंनी गॅलरीतून पाहिले आणि त्यांना ताप भरला. एकशे चार. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुतळी ताणून, गुडघ्यांवर बसून, सगळे पट्टे पुन्हा मारताना दिसल्या. दुपारी जेवायला वर गेल्या तेव्हा ताप अठ्ठ्याण्णववर. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "लेलेबाई, परवानगी?" ताई म्हणाल्या, "वाकडे मारायची कुणी दिली होती?"

माणसांत त्या फारशा रमत नाहीत. लग्न केलं नाही, भाचरं परदेशात. कुणी घरी बोलावलं तर जातात, सोफा भिंतीला समांतर नाही हे सांगतात, आणि चहा न घेता निघतात. आम्हाला वाटायचं, बाई कोरडी आहे. पुण्यात हे काही वैगुण्य मानत नाहीत, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही.

त्या दिवशी पोलिसाच्या तावडीतून सुटल्यावर मात्र त्या मला फलाटाच्या टोकाला घेऊन गेल्या. तिथे एक गंजलेलं लोखंडी दार. आत मोडके बाक, रिकामे डबे, आणि पंधरा पावलांवर विटांची भिंत.

"या भिंतीमागे वाट आहे," ताई म्हणाल्या. "दगडी कमान. सगळ्या रुळांखालून थेट मागच्या रस्त्यापर्यंत. एक पायरी नाही, नुसता उतार आणि चढ. डोक्यावर ओझं असलेला माणूससुद्धा न वाकता जाईल अशी बांधली आहे. आणि आता हे तोंड काँक्रीटने भरून टाकणार आहेत."

"का?"

"नकाशात पलीकडे भराव दाखवलाय म्हणून. भरावच आहे तर दार कशाला ठेवायचं, असा विचार."

"आणि भराव नाही?"

"नाही. भराव टाकायचा होता. दोन्हीकडून भिंती घातल्या, आणि आतलं काम नंतर करू म्हणून ठेकेदार गेला तो गेला."

आळशी माणसांवर माझा विश्वास आहेच, त्या दिवशी भक्ती जडली. ताईंनी पर्समधून पत्रांचा गठ्ठा काढला. त्यांनी लिहिलेली पत्रं पुलाच्या जिन्याइतकी लांब, आणि उत्तरं एकाच ओळीची: नकाशानुसार सदर ठिकाणी भराव आहे.

मी मदत करायचं ठरवलं. घोटाळा झाला तो इथे.

सकाळी टेकडीवर फिरताना मी चार जणांना सांगितलं, की स्टेशनखाली जुनं भुयार सापडलंय. नुसतं तेवढंच सांगून लोकांचं लक्ष वेधणार कसं, म्हणून थोडं मीठ लावलं. म्हटलं, घोडेस्वार जाईल एवढं उंच आहे, आणि शनिवारवाड्याच्या दिशेने वळतं. संध्याकाळी तेच भुयार सदाशिव पेठेतून फिरून माझ्याकडे परत आलं, तेव्हा ते साताऱ्यापर्यंत पोचलं होतं आणि आत सात गाडे सोनं होतं. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर बॅटऱ्या घेतलेले तीस गृहस्थ. एकाने तर कुदळ आणली होती, योगासनाच्या चटईत गुंडाळून. आठवड्याने सूचना लागली: अफवांवर विश्वास ठेवू नये. आणि जे काम दिवाळीनंतर व्हायचं होतं, ते पुढच्या सोमवारवर आलं.

ताई मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आमच्या दारात उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "पेंडसे, मी आयुष्यात एक चुकीची रेघ मारली. तुम्ही रोज मारता. तुम्हाला झोप कशी लागते हो?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. असं माझं क्वचितच होतं.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं स्टेशनवर. काँक्रीटचं यंत्र आलेलं, कामगार तयार, आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेल्या इंजिनिअर वानखेडे मॅडम. यवतमाळकडच्या, तिशीच्या, आवाज खणखणीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ते सोन्याच्या गाड्यावाले तुम्हीच का?"

"मी फक्त घोड्यापर्यंत सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मॅडम, दहा मिनिटं द्या," ताई म्हणाल्या. "भिंतीला एक भोक पाडून बघा. आत पोकळ आहे."

"काकू, मला काही दुष्मनी आहे का तुमच्याशी? पण नकाशा भराव दाखवून राहिला ना." त्यांनी हातातला टॅब पुढे केला. "हे बघा. तिरप्या रेघा. इतक्या सुंदर रेघा तर आजकाल कॉम्प्युटर पण नाही काढत."

ताईंनी त्या रेघांकडे पाहिलं. मी त्यांना कुठल्याही रेघेकडे असं बघताना पाहिलं नव्हतं.

"नकाशा चुकलेला आहे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"मी चुकवला म्हणून."

यंत्रवाल्याने यंत्र बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मग ताईंनी सांगितलं, सरळ उभं राहून, शाळेत कविता म्हणावी तसं. इथे जमिनीखाली दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एक ही माणसांची वाट, आणि एक जुना, वापरात नसलेला नाला. नाला भरायचा होता. तेवढ्या भागाचा छोटा तुकडा वेगळा ट्रेस करून मोठ्या नकाशात बसवायचा होता. ट्रेसिंगच्या कापडाला एक बाजू चकचकीत असते, एक मंद. पण आरपार दिसतं, त्यामुळे कापड उलटं पडलं तरी चित्र नीटच वाटतं. फक्त डावं उजवीकडे जातं. "त्या तुकड्याला मी कापड उलटं लावलं. भरावाच्या रेघा नाल्यावर पडायच्या त्या वाटेवर पडल्या. वर साहेबांची सही झाली. त्या नकाशावरून पुढचे सगळे नकाशे निघाले. तुमच्या हातातला पण."

"कळलं कधी तुम्हाला?" वानखेडे मॅडमनी विचारलं.

"भिंती घालून झाल्यावर. महिन्याभराने."

"मग तेव्हा सांगितलं नाही?"

"ऑफिसात मी एकटीच बाई होते. मला ठेवायला साहेब सगळ्यांशी भांडले होते. मी बोलले असते तर ते गेले असते. आणि पुन्हा तिथे बाई घेतली नसती." ताईंनी खांद्यावरची पर्स सरळ केली. "हे कारण झालं. खरं म्हणजे मी घाबरले."

वानखेडे मॅडमनी हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. "काकू, तुम्ही रिटायर झाल्या. काहून इतकं मनाला लावून घेऊन राहिल्या?"

"मी झाले. रेघा अजून कामावर आहेत."

मॅडमनी एका कामगाराला हाक मारली. त्याने भिंतीत भोक पाडलं आणि लांबलचक लोखंडी गज आत घातला. गज गेला. आणखी गेला. गडी खांद्यापर्यंत भिंतीला चिकटला, आणि गज त्याच्या हातातून सुटून आत कुठेतरी दगडी फरशीवर पडला. तो जो खणखणाट झाला, तो मी सांगतो, पार हडपसरपर्यंत ऐकू गेला असणार. भोकातून गार वारा आला. इतक्या वर्षांचा कोंडलेला वारा, पण वास कुबट नव्हता. ओल्या दगडाचा होता.

"यंत्र परत न्या रे," वानखेडे मॅडम म्हणाल्या.

रिक्षाने घरी येताना ताईंनी मला राहिलेलं सांगितलं, न विचारता. भिंती घातल्यावर त्या एकदा स्वतः बघायला गेल्या होत्या. पुलाच्या जिन्यात, अर्ध्यावर, एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हातारी म्हणाली, "खालनं वाट हुती बाई. कुण्या मेल्यानं बंद केली."

"मी तिचं गाठोडं वर नेऊन दिलं," ताई म्हणाल्या. "दुसरं काय करणार? मग दुसऱ्या दिवशी दुसरी कुणी होती."

मी इतक्या वर्षांत किती गाठोडी झाली याचा मनात आकडा काढू लागलो. माझ्यासारख्या माणसालाही तो फुगवून सांगायची गरज वाटली नाही, म्हणून सोडून दिला.

वाट उघडायला पुढे वर्ष लागलं. मध्ये कुणीतरी सुचवलं की आत कॉफीचं दुकान करावं, जुन्या कमानीत फोटो काढायला झोपाळा टांगावा. ताई त्या बैठकीत बिनबोलावता गेल्या आणि म्हणाल्या, "चालायला बांधलंय. लोकांना चालू द्या." शेवटी वानखेडे मॅडमनी कमान धुऊन घेतली, दिव्यांचे कोनाडे तसेच ठेवून त्यांत बारके दिवे बसवले, उताराला एका बाजूने हात धरायला कठडा लावला, आणि वाट वाटेसारखीच ठेवली. भिंतीवर एका चौकटीत जुना नकाशा लावला, दुरुस्त केलेला.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं आत उभे होतो. माणसं वाहत होती. पिशव्या, ट्रंका, कडेवरची पोरं, चाकाची खुर्ची. ताई भिंतीला टेकून उभ्या, दोन्ही हात मोकळे. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कधी पदर धरत, कधी सोडत.

एवढ्यात एक आजोबा काठी टेकत आले. सदाशिव पेठेचा नमुना, बंद गळ्याचा कोट, चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल तक्रार. ताईंसमोर थांबले आणि कमानीकडे बघत करवादले, "एवढी चांगली वाट! गुडघ्यांची वाट लागली आमच्या पूल चढून. इतकी वर्षं बंद ठेवायला काय झालं होतं यांना?"

मी ताईंचा दंड धरला. म्हटलं, आता नको. पण त्यांनी माझा हात सोडवला आणि आजोबांच्या समोर, अगदी मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्यामुळे बंद होती," त्या म्हणाल्या. "मी नकाशात चूक केली होती. तुमच्या गुडघ्यांना मी जबाबदार आहे."

आजोबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मागे माणसं खोळंबली. ताई मान खाली घालून उभ्या होत्या, जे काय बोलतील ते ऐकून घ्यायला.

"बरं," आजोबा म्हणाले. "आता बाजूला व्हा, माझी गाडी लागलीय."