हरलेल्या सामन्यांचं कपाट

नानासरांच्या घरी एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात फक्त हरलेले सामने होते. जिंकलेला एकही नाही. व्हिडिओ कॅसेटच्या पाठीवर त्यांच्या तिरक्या अक्षरात नावं असत: ‘बोदवड, वाईट हार’. ‘नरडाणा, फार वाईट हार’. एकीवर नुसतंच ‘धुळे, बोलू नये’. जिंकलेला सामना ते सरळ पुसून टाकत आणि त्याच कॅसेटवर पुढची हार भरत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, “बाई, जिंकलेलं काय बघायचं? त्याच्यात शिकासारखं काय शे?”

नानासर आमच्या पाचोऱ्याच्या शाळेत खेळाचे शिक्षक. मी मराठी शिकवायची. मुलींचा कबड्डीचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत एक बाई हवी असा नियम होता, आणि घरी कुणी वाट बघणारं नाही अशी मी एकटीच सापडले. त्यामुळे कबड्डीतलं ओ की ठो कळत नसताना मी निम्मा खानदेश एसटीने पालथा घातला.

तेव्हा आमच्या स्टाफमध्ये जो तो मोपेड घेत होता. नानासरांनी सायकल सोडली नाही. त्यांनी व्हीसीआर घेतला. धक्के लागू नयेत म्हणून जळगावहून तो मांडीवर ठेवून, वर गोधडी पांघरून आणला. शेजारणीला वाटलं, लेकीचं बाळ आणलं. ती लगबगीने तोंड बघायला आली. नानासरांच्या बायको, अक्का, तिला म्हणाल्या, “बाळ असतं तर कधीतरी झोपलं असतं तरी! आमच्याकडे आता बाराही महिने पोरींची पडापडी.”

शूटिंग करायचे गुलाबभाऊ. त्यांची मुलगी शोभा संघात होती म्हणून ते हौसेने कॅमेरा घेऊन येत. पण त्यांचा हात सगळा लग्नांवर बसलेला. ऐन पकडीच्या वेळी ते पंचांच्या कपाळावरच्या टिळ्यावर जात. घरी जाऊन सगळ्या सामन्याला सनई लावत. समोरच्या संघाने शोभाला घोट्याला धरून आपटलं की ती पडद्यावर बदामाच्या आकारात आपटायची आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्या उडायच्या. नानासरांना याचं काही नव्हतं. “पाकळ्यांकडे नका बघू, पायाकडे बघा,” एवढंच म्हणायचे.

हरल्यानंतरच्या रविवारी दुपारी सगळ्या पोरी त्यांच्या घरी जमायच्या. सामना तीनदा बघायचा, हा तिथला कायदा. “पयले रड, मंग देख, मंग हास.” पहिल्या वेळी कुणी कुणाला समजवायचं नाही, खुशाल रडायचं. दुसऱ्या वेळी नानासर पडद्याला बोट लावून सांगायचे, “देख शोभा, तुना पाय आठे शे, नि ध्यान तठे.” तिसऱ्या वेळी अक्का शेव-मुरमुरे आणायच्या आणि जी आपटली तिनेच आधी हसायचं. सुरुवातीला पोरी ओढूनताणून हसायच्या. पण स्वतःला सनईच्या सुरात तिसऱ्यांदा आपटताना बघून कोण किती वेळ गंभीर राहील? शोभा तर खाली लोळायची.

हे फक्त पोरींसाठीच असेल असं मला वाटत होतं. एका स्नेहसंमेलनात मी स्वतः रचलेलं स्वागतगीत म्हणायला उभी राहिले आणि दुसरं कडवं साफ विसरले. पेटीवाल्याने तेच सूर तीनदा फिरवले. मी तोंड झाकून आत पळाले आणि चार दिवस शाळेला गेले नाही. पाचव्या दिवशी नानासर दारात. “बाई, चला. गुलाबने कॅसेट दिली.”

“मी नाही बघणार, नाना.”

“नका बघू. नुसत्या बसा.”

पहिल्यांदा मी पदरात तोंड घालून रडले. दुसऱ्यांदा ते म्हणाले, “आता स्वतःकडे बघूच नका. बाकीचे काय करतात ते बघा.” बघितलं. पाहुण्यांच्या मांडीवरचा नारळ गडगडत खुर्चीखाली गेला होता. हेडमास्तर तो काढायला ओणवे झाले होते. पहिली रांग नारळाकडे बघत होती, मागच्या रांगा हेडमास्तरांकडे. मी कडवं विसरले तेव्हा माझ्याकडे बघणारा एकटा पेटीवाला होता.

“बघा,” नानासर म्हणाले. “आपल्याला वाटतं, बठ्ठं गाव आपल्यालेच देखी ऱ्हायनं.”

तिसऱ्यांदा मी इतकी हसले की अक्का हातातलं लाटणं घेऊन बाहेर आल्या. पुढच्या वर्षी मी पुन्हा गायले. हातात कागद होता, पण गायले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या पोरी धुळ्याला मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. एवढी मजल शाळेने कधी मारली नव्हती. शेवटची चढाई सुरेखाची, आमच्या कर्णधाराची. एक गुण मिळाला असता तर बरोबरी होती. तिचा हात मध्यरेषेपासून वीतभर लांब राहिला.

परत निघताना पोरी जीपमध्ये रडत बसल्या होत्या. नानासरांचा पत्ता नव्हता. अर्ध्या तासाने हातात गरम भज्यांचे पुडे घेऊन हसत हसत आले. मी चिडले. “पोरी इथं रडताहेत, आणि तुम्हाला भजी सुचतात?” ते म्हणाले, “हरल्यावर भूक जास्त लागते, बाई.”

त्यानंतर सुरेखाने मैदान सोडलं. शाळेत यायची, खाली मान घालून बसायची. “माझ्यामुळे गेलं” एवढंच म्हणायची. रविवारी मी तिला जवळजवळ ओढत नानासरांकडे नेलं. ती माझ्या मागे भिंतीला टेकून बसली.

सामना सुरू झाला. सनई वाजली. सुरेखाची चढाई आली, बदाम आला, हात वीतभर लांब राहिला. सगळ्या रडल्या. सुरेखा रडलीसुद्धा नाही. सामना संपला, पण गुलाबभाऊ त्या दिवशी कॅमेरा बंद करायला विसरले होते. तो कुठल्यातरी खुर्चीवर तसाच चालू राहिला होता. त्यामुळे पडद्यावर आता नुसतं रिकामं मैदान होतं.

त्या मैदानात नानासर एकटेच परत आले. पोरींच्या राहिलेल्या रिबिनी, एक गुडघ्याची पट्टी, कुणाची तरी एक चप्पल त्यांनी गोळा केली. मग जिथे सुरेखा पडली होती तिथे जाऊन ते मातीत बसले. गळ्यातला पंचा तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलायला लागले, ते हलतच राहिले.

“हे काय... हे गुलाबने काढून टाकायचं होतं,” म्हणत नानासर व्हीसीआरकडे धावले. गडबडीत चष्मा पडला आणि भलतंच बटण दाबलं गेलं. चित्र तिथेच थांबलं. खोलीत बारा पोरी, अक्का आणि मी, आणि पडद्यावर पंच्यात तोंड लपवलेले नानासर.

अक्कासुद्धा बघतच राहिल्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

सुरेखा उठली. तिने आधी चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला, मग टीव्ही बंद केला. ओढणीने स्वतःचं नाक पुसत म्हणाली, “नानासर, उद्या सकाळी किती वाजता यायचं?”

नानासर चष्म्याची काच सदऱ्याला पुसत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

“साडेपाच,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुरेखा पाचलाच मैदानावर गेली. नानासर तिच्याही आधी येऊन रेषा आखत होते.