आपला पाल्य गैरहजर आहे

ऑफिसातला फोन वाजला तेव्हा नम्रता वानखेडे नव्या कंप्युटरला हार घालत होती.

"हॅलो, शाळा का?"

"हो, बोला."

"मी अ‍ॅडव्होकेट रानडे बोलतोय. वय वर्षं सहासष्ट. आज मी शाळेत आलो नाही हे खरं आहे. एकोणीसशे शहात्तर सालापासूनच येत नाहीये. तुमच्या आज लक्षात आलं का?"

नम्रताच्या हातातला हार तसाच राहिला. "कोण म्हणालं तुम्हाला, सर?"

"शाळाच म्हणाली. मोबाईलवर निरोप आलाय. वाचतो, ऐका. 'आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे. कारण न कळवल्यास नाव पटावरून कमी करण्यात येईल.' कोणत्या कलमाखाली कमी करणार, तेवढं लेखी कळवा."

फोन ठेवला गेला. काय घोटाळा झालाय हे नम्रताला त्याच क्षणी कळलं होतं.

त्याचं असं झालं होतं. नारायण पेठेतल्या या शाळेत विद्यार्थ्यांच्या नोंदी आजवर जाडजूड रजिस्टरांत होत्या आणि रजिस्टरं कपाटात होती. कपाटाच्या किल्ल्या होत्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांच्या कमरेला. आप्पासाहेबांचा कंप्युटरवर काडीचा विश्वास नव्हता. मोबाईलसुद्धा ते वापरत नसत. पण आता सगळ्या नोंदी कंप्युटरवर घ्या असं वरून आलं, आणि त्यांचा नाइलाज झाला. त्यांनी मुख्याध्यापिका लेले बाईंना बजावलं, "घ्या चढवून. पण एक चूक, एकच चूक झाली, की हा डबा परत पाठवायचा. आणि तो चालवणारीलाही."

चालवणारी म्हणजे नम्रता. वर्ध्याहून पुण्यात आलेली, वाघोलीला खोली घेऊन राहणारी, दोन बस बदलून रोज वेळेवर येणारी. शाळेत ती लिपिक होती, पण तात्पुरती. या संस्थेत तात्पुरतं काय नव्हतं? मागच्या जिन्याचा बांबूचा कठडा तात्पुरता होता, तो लेले बाई इथे शिकत होत्या तेव्हापासून. नळाला बांधलेली चिंधी तात्पुरती होती. तशीच नम्रता. पण आज दुपारी बारा वाजता आप्पासाहेब कंप्युटरचं उद्घाटन करणार होते आणि त्याच टेबलावर तिच्या कायम नोकरीच्या ऑर्डरवर सही करणार होते. वर्ध्यात तिच्या आईने गल्लीभर पेढे वाटूनही टाकले होते. सही व्हायच्या आधीच! आईला कोण सांगणार?

आता घोटाळा. उद्घाटनाला पडद्यावर पहिलं नाव आप्पासाहेबांचंच झळकावं, अशी लेले बाईंची फार इच्छा. म्हणून नम्रताने त्यांची शहात्तर सालची दहावीची तुकडी सगळ्यांत आधी चढवली. कंप्युटर म्हणाला, पालकांचा मोबाईल नंबर द्या, त्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही. त्या पालकांतले बहुतेक देवाघरी गेलेले. मग माजी विद्यार्थी मेळाव्याला आलेल्यांचे स्वतःचेच नंबर तिने पालक म्हणून टाकले. पुढे कंप्युटरने विचारलं, विद्यार्थी चालू की माजी? माजी म्हटलं की तो दाखल्याचा नंबर मागे. दाखल्यांचं रजिस्टर कपाटात, आणि किल्ली आप्पासाहेबांच्या कमरेला. तेव्हा नम्रताने सगळ्यांना 'चालू' करून टाकलं.

तात्पुरतं.

तिने कंप्युटर बसवून देणाऱ्या खराडीच्या कंपनीत, अभिनवला फोन लावला. "अहो, निरोप कशाला गेले? मी तर काहीच पाठवलं नाही!"

"मॅम, ते ऑटो आहे," अभिनव गोड आवाजात म्हणाला. "अकरापर्यंत हजेरी मार्क झाली नाही की पॅरेंट्सना मेसेज जातो. मस्त फीचर आहे."

"काहून मस्त? आजोबा लोकांना गेला तो!"

"ओके, ओके. मग ती बॅच होल्डवर टाकू. पण लवकर करा हां मॅम, दर तासाला रिमाइंडर जातो. मी रिक्वेस्ट टाकतो. अ‍ॅडमिनच्या नंबरवर ओटीपी येईल, तो मला सांगा, झालं."

"अ‍ॅडमिन कोण?"

"तुम्हीच भरलंय मॅम. संस्थेचे अध्यक्ष."

नम्रताने भरलेला फॉर्म पुन्हा उघडून पाहिला. आप्पासाहेबांकडे मोबाईल नाही. म्हणून अध्यक्ष या रकान्यात, आणि विद्यार्थी आप्पासाहेबांच्या पालकाच्या रकान्यातही, तिने त्यांच्या घरचा मोबाईल टाकला होता. आणि त्या घरात मोबाईल होता एकाच माणसाकडे. आप्पासाहेबांच्या आई, गोदाबाई. वय सत्त्याऐंशी, कान तीक्ष्ण, डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्याहून तीक्ष्ण. शाळेवर दरारा आप्पासाहेबांचा होता आणि आप्पासाहेबांवर गोदाबाईंचा.

एवढ्यात दारात एक गृहस्थ उभे राहिले. टोपी, छत्री, हातात घडी घातलेला कागद. "मी बाबुराव खैरे. शहात्तरची तुकडी. ही रजेची चिठ्ठी. गुडघा दुखतो म्हणून आलो नाही. पालकांची सही हवी असते ना, ती बायकोची घेतलीये. चालेल?"

"चालेल काका. तुम्ही बसा."

"बाकावर उभं नाही ना राहायचं? गुडघा खरंच दुखतो."

आतून लेले बाई आल्या. बाबुरावांना पाहून हसल्या, नम्रताचा चेहरा पाहून हसायच्या थांबल्या. ऐकून घेतल्यावर त्यांनी हार घातलेल्या कंप्युटरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नम्रता, आप्पासाहेबांना हे कळलं तर तुमची ऑर्डर ते सही करण्याऐवजी चहाच्या बशीखाली ठेवतील. करा गोदाबाईंना फोन. आणि जरा पुणेरी बोला, त्यांना आढेवेढे आवडत नाहीत."

नम्रताने नंबर लावला.

"आजी नमस्कार, शाळेतून नम्रता बोलते. तुमच्या मोबाईलवर आत्ता एक आकडा आला असेल. तेवढा सांगता का?"

"नाही सांगत," गोदाबाई म्हणाल्या. "आकडा कुणालाही सांगायचा नाही, असं बँकेने दहादा बजावलंय. तुम्ही चोर आहात का?"

"नाही हो आजी! शाळेतून बोलते!"

"शाळेतून? खरंच?" आवाज एकदम बदलला. "बरं झालं. मग मला सांग, तुमचा तो पहिला निरोप. आमचा आप्पा आज शाळेत आला नाही?"

"आजी, तो निरोप चुकून..."

"चुकून कसा? रोज साडेनवाला घरातून निघतो. शाळेचं काम आहे म्हणतो. मी म्हणते, केवढी ही सेवा! आणि शाळाच सांगते, तो गैरहजर आहे. मग जातो कुठे? थांब, येतेच मी."

आता मात्र नम्रताचा धीर सुटला. चूक झाली ती झालीच, वर अध्यक्षांची आई रिक्षात बसली! तिने पुन्हा अभिनवला गाठलं. तो म्हणाला, "ओटीपी एक्स्पायर झाला मॅम. दुसरा पाठवतो, सेम नंबरवर." बाहेर बाकावर बाबुराव शेजारच्या दुसऱ्या माजी विद्यार्थ्याला रजेची चिठ्ठी कशी लिहायची ते समजावत होते. घड्याळाचा काटा बाराकडे सरकत होता, आणि बाराला दुसरा निरोप जाणार होता.

बाराच्या जरा आधी आप्पासाहेब आले. कडक इस्त्रीचा सदरा, कमरेला किल्ल्या. टेबलाशी बसून त्यांनी पेन काढलं, ऑर्डर पुढे ओढली आणि चष्म्यावरून कंप्युटरकडे पाहिलं.

"काय, चुकला की नाही अजून?"

लेले बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आप्पासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकणार, तोच दारात काठी वाजली.

"आप्पा!"

संस्थेचे अध्यक्ष ताडकन उठून उभे राहिले. बाहेर बाकावर बाबुरावही उठले. त्या काळच्या सवयी, दुसरं काय?

"आई, तू? इथे?"

"मी इथे येतेच रे कधीतरी. तुझं काय?" गोदाबाईंनी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. "शाळा म्हणते, तू गैरहजर. सकाळपासून कुठे होतास?"

"मी? इथेच. म्हणजे या भागातच होतो. सभासदांच्या भेटीगाठी..."

गोदाबाई जवळ गेल्या. त्यांनी मुलाच्या सदऱ्याची बाही उचलून नाकाशी धरली. "तळण," त्या म्हणाल्या. "साबुदाणा वडा. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं, मी घरात कढई ठेवली नाही, आणि तू सेवेच्या नावाखाली वडे खातोस? रोज?"

"रोज नाही गं."

"ते मी तुला विचारत नाहीये." गोदाबाई वळल्या. काठीचं टोक नम्रताकडे झालं. "फोनवरची मुलगी तूच ना? खरं सांग. हा रोज शाळेत येतो का?"

आप्पासाहेब नम्रताकडे पाहत होते. त्यांच्या एका हातात उघडं पेन होतं आणि दुसरा हात तिच्या ऑर्डरवर होता. हो म्हणावं तर या डोळ्यांपुढे खोटं टिकणार नव्हतं. नाही म्हणावं तर वर्ध्याचं तिकीट काढायचं. आणि खरं म्हणजे आप्पासाहेब महिन्यातून दोनदा येत, तेही चहाला.

"अगं माय," नम्रता स्वतःशीच पुटपुटली. मग तिने पदर सारखा केला. "आजी, कंप्युटरवर हजेरी आजच सुरू झाली. आधीचं यात काही नाही, त्यामुळे मला सांगता यायचं नाही. आजचं सांगते. आज ते उशिरा आले. पण आले."

आणि तिने पडद्यावरच्या पहिल्या नावापुढे 'हजर' दाबलं.

गोदाबाईंच्या हातातला मोबाईल वाजला. त्यांनी तो लांब धरून मोठ्यांदा वाचला, "आपला पाल्य शाळेत हजर आहे." त्यांनी आप्पासाहेबांना वरून खाली न्याहाळलं. "बरोबर आहे. आहे खरा."

"आजी," नम्रता घाईने म्हणाली, "तो आकडा? बाराला परत सगळ्यांना निरोप जाईल हो."

"समोर उभी राहून विचारलंस, आता सांगते," म्हणत त्यांनी आकडा वाचून दाखवला. नम्रताने तो अभिनवला सांगितला. पलीकडून तो ओरडला, "डन मॅम, अगदी वेळेत!" बाहेर बाबुराव जरा हिरमुसले. त्यांना दुसऱ्या निरोपाची उत्सुकता होती.

आप्पासाहेब खाली बसले. कपाळाचा घाम पुसून त्यांनी एका दमात ऑर्डरवर सही ठोकली, तारीखही घातली, आणि कागद नम्रताकडे सरकवताना इतक्या हळू बोलले की फक्त तिलाच ऐकू गेलं. "बाई, तो आधीच्या हजेरीचा प्रश्न छान टाळलात."

नम्रताला रडू आवरेना. हसूही आवरेना. आईने वाटलेले पेढे शेवटी खरे ठरले होते.

"मुली," गोदाबाई निघता निघता म्हणाल्या, "सगळ्यांची नावं काढलीस ना यातून?"

"हो आजी. थांबवली सगळी. एकच राहिलंय. आजच हजेरी लागली म्हणून ते दाखल्याचा नंबर घालून, माजी करून वेगळं काढावं लागेल. आप्पासाहेबांचं."

"काढा की मग!" आप्पासाहेब घाईघाईने कमरेच्या किल्ल्या सोडवत म्हणाले. "दाखल्याचा नंबर हवाय ना? हे घ्या, कपाट उघडा. मला माजी करा!"

"हात नको लावूस," गोदाबाई म्हणाल्या. "रोज अकराला मला निरोप येऊ दे. आला की बरं वाटतं जिवाला."

"आई, म्हणजे मी रोज अकराला इथे? असं किती दिवस?"

गोदाबाईंनी काठी टेकवली, उंबरा ओलांडला आणि मागे वळून न पाहता म्हणाल्या,

"तात्पुरतं रे."