रेडॉन ‘येतो’ म्हणाला

विषय : बाळंतिणीसाठी राखलेल्या खोलीत वास्तव्यास असलेल्या रेडॉन वायूने निघून जाणेबाबत.

उपरोक्त विषयी नमूद करण्यात येते की, सदर वायू जमिनीखालून फरशीच्या भेगेवाटे आमच्या घरी आला व मागच्या खोलीत राहिला. त्याला रंग नाही, वास नाही आणि स्वभावाने तो आमच्या बऱ्याच नातेवाइकांपेक्षा सभ्य आहे. फक्त फुप्फुसांना वाईट. मुलगी मुक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि घरात मोकळी खोली तेवढीच. डॉक्टरांनी बजावलं होतं, रेडॉन मोजायच्या यंत्रावरचा आकडा उतरल्याशिवाय बाळाला त्या खोलीत ठेवायचं नाही. तोवर मुक्ताची खाट ओसरीवर.

गवंड्याने भेगा बुजवल्या, फरशीखालून थेट छपराच्या वर नळी नेली, तिला पंखा बसवला. पण राहत्या वायूने स्वतः तोंडाने सांगितल्याशिवाय त्याला ओढून काढता येत नाही. नियम योग्यच आहे. नाहीतर उद्या कोणीही कोणालाही ओढून काढील. म्हणून नगरपरिषदेच्या वायू शाखेतून हिर्लेकरबाई जबाब घ्यायला आल्या.

“निघताय ना?” बाईंनी दारातून विचारलं.

“निघायलाच हवं,” आतून आवाज आला. “उद्या पाळणा हलायचा. माझी अडचण कशाला?”

माझी बायको कमल पंख्याच्या बटणावर बोट ठेवून उभी होती. नळी किंचित थरथरली.

“बरं, येतो मग,” रेडॉन म्हणाला.

“या,” कमल म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. “हे आगमन झालं. वर घरमालकिणीची संमती.”

“अहो बाई, निघताना तसंच म्हणतात!” कमल म्हणाली.

“मला नका शिकवू. मीसुद्धा सकाळी ‘येते’ म्हणूनच घरातून निघाले. पण जबाब शब्दशः लिहायचा असतो. त्यांना ‘जातो’ म्हणू द्या.”

“दिवस भरलेली पोर दारात असताना ‘जातो’?” आतला आवाज दुखावला होता. “मी विषारी असेन बाई, अशुभ नाही.”

मी कमलला म्हटलं, “म्हणू दे की एकदा. कोण ऐकतंय?”

“खबरदार! असलं अभद्र या घरात कोणी बोलायचं नाही.” तिने बटणावरचं बोट काढून घेतलं.

“तुमचीही हरकत नोंदवते,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात ओसरीवर मुक्ता कण्हली. कळा सुरू झाल्या होत्या. मी धावत जाऊन रिक्षा आणली. मुक्ताबरोबर मी जाणार होतो, कमल घरीच थांबणार होती; मुक्ता बाळ घेऊन परत येईपर्यंत खोली मोकळी करून घ्यायची होती. कपड्यांची पिशवी बाईंनी स्वतः उचलून दिली. माणूस म्हणून बाई चांगल्या आहेत. पेन मात्र त्यांनी मिटलं नव्हतं.

“येते गं आई,” मुक्ता रिक्षातून म्हणाली.

कमलचे ओठ उघडले. तिने पेनाकडे पाहिलं. एकदा ‘या’ म्हणून काय झालं ते तिच्यासमोर होतं. तिने तोंडावर पदर धरला.

“आई, येते म्हटलं ना! बोल की काहीतरी!”

कमलने नुसती मान हलवली. रिक्षा सुरू झाली. मुक्ता मागे वळून बघत होती.

“सावकाश ये हो, बाळ,” आतून रेडॉन आदबीने म्हणाला.

बाईंनी ते लिहून घेतलं.

पंखा बसवलेला आहे, बंद आहे. अर्ज प्रलंबित आहे.