सासूबाईंचं हसू आणि मागचं बटण

"कॅमेरा काय, कोणीही विकत घेईल! पण तो धरता यायला साधना लागते!" असं डॉक्टर छातीठोकपणे सांगायचे, आणि ते सांगत असताना समोरच्याच्या तोंडात कापसाचे बोळे असायचे. त्यामुळे आजवर कोणी हरकत घेतली नव्हती.

डॉक्टर दातांचे. हात हलका, स्वभाव गरीब, जीभ मात्र अखंड चालू. नवा कॅमेरा घरात आल्यापासून तर विचारूच नका! पेशंट खुर्चीत आडवा झाला, त्याने आ केला, की डॉक्टरांचं प्रवचन सुरू.

"आता ही पकड बघा. हाताचं माप देऊन शिवून घेतल्यासारखी बसते. वजन आहे, नाही असं नाही. पण वजन हवंच! हलका कॅमेरा आणि हलती दाढ, दोन्हींचा भरवसा धरू नये."

"आँ... आँ!"

"बरोब्बर! तुम्हाला पटलं."

पटलं नव्हतं, त्याला इंजेक्शन हवं होतं. पण सांगणार कसं? एका गृहस्थांनी तर काढायची दाढ तशीच ठेवून घेतली. दुखणं सोसवतं, पण लेन्सची माहिती सोसवत नाही, असं ते जिन्यात कोणालातरी म्हणाल्याचं ऐकिवात आहे.

कॅमेऱ्याबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक डॉक्टरांनी परीक्षेला बसायचं असल्यासारखं पाठ केलं. कपाटातला बायकोचा कप्पा रिकामा झाला आणि तिथे मऊ फडकं अंथरून कॅमेरा झोपू लागला. आजूबाजूला ओल शोषून घेणाऱ्या पुड्या, धूळ उडवायचा रबरी फुगा, काच पुसायचा ब्रश. बायकोचे कपडे खुर्चीवर आले.

"मलाही एखादी पुडी द्या हो," ती म्हणाली. "माझ्याही डोळ्यांत ओल यायला लागलीय."

बरं, इतका अभ्यास केलेल्या माणसाने कॅमेरा दुकानातून आला तसाच वापरावा? छे! साध्या माणसाच्या कॅमेऱ्यात वरचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो आणि पूर्ण दाबलं की फोटो निघतो. डॉक्टरांनी वरच्या बटणाकडून फोकसचं खातंच काढून घेतलं आणि ते मागच्या एका छोट्या बटणाला बहाल केलं. आता अंगठ्याने मागचं बटण दाबून नेम धरायचा, मग बोटाने वरचं दाबून फोटो काढायचा.

"पोचलेले लोक असंच करतात," त्यांनी बायकोला समजावलं.

"आणि न पोचलेले?"

"ते बिचारे वरचंच बटण दाबत बसतात!"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. डॉक्टरांनी ठेवलं नाही.

तर झालं असं, की सासूबाईंची थोरली बहीण, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, कायमच्या परदेशी राहायला निघाल्या. लेक तिकडे, नातवंडं तिकडे. जाण्याच्या दिवशी दुपारी त्या बहिणीला भेटायला डॉक्टरांच्या घरी येणार आणि तिथूनच विमानतळावर जाणार. पुन्हा भेट कधी, देव जाणे. आणि या दोघी बहिणींचा हसतानाचा एकही फोटो घरात नव्हता! सासूबाईंचे दात फार लवकर गेले. त्या दिवसापासून फोटो म्हटला की त्या ओठ गच्च मिटून घ्यायच्या, चेहऱ्यावर कोर्टात साक्ष द्यायला उभ्या असल्यासारखा भाव. हसू आलंच तर तोंडावर हात. डॉक्टरांनी नुकतीच त्यांना नवी कवळी करून दिली होती, तीही मोठ्या कौतुकाने.

"आईचा आणि मावशीचा एक फोटो," बायकोने आदल्या दिवशी बजावलं. "दोघी हसताना. तो नीट आला तर कॅमेरा या घरात राहील. नाही आला, तर दुकानदार अजून परत घेतोय. मी विचारून ठेवलंय."

"अगं, एक काय, असे काढतो की..."

"एकच. पण धड."

डॉक्टर हसले खरे, पण ते हसू वरवरचं होतं. कॅमेऱ्यावर त्यांचा जीव होता. आणि खरं सांगायचं तर सासूबाईंवरही होता. लहानपणी आई गेलेल्या या जावयाला त्यांनी लेकापेक्षा कधी कमी लेखलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा ताप आला तेव्हा उशाशी बसून राहिलेल्या त्याच होत्या. त्यांच्यासाठी हा फोटो काढायचा, आणि असा काढायचा की बघणाऱ्याने बघतच राहावं, असं डॉक्टरांनी मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी जमली. मावशी, सासूबाई, बायको आणि बायकोचा धाकटा भाऊ. डॉक्टरांनी दवाखान्यातला स्टीलचा ट्रे फिरवून सगळ्यांचे मोबाईल जमा केले आणि कपाटात बंद करून किल्ली खिशात टाकली.

"भावजी, मी आपला पटकन एक मोबाईलवर..." मेहुणा म्हणाला.

"मोबाईलवर? आज? या घरात?" डॉक्टर असे ओरडले की मेहुण्याने रिकामे हात वर केले.

दोघी बहिणी शेल्फासमोर खुर्च्यांवर बसल्या, मागे दोन बाजूंना बायको आणि मेहुणा उभे. शेल्फावर दोघींच्या बरोबर मधोमध दिसेल अशी निळी फुलदाणी. डॉक्टरांनी कॅमेरा डोळ्याला लावला, अंगठा मागच्या बटणावर ठेवला आणि आधी फुलदाणीवर नेम धरला.

"बघून घ्या सगळे! या लेन्सची खरी गंमत. जिथे नेम धरला तेवढंच लख्ख, बाकी सगळं लोण्यासारखं वितळतं. आता इथून नेम माणसांवर आणला, की..."

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही नाही का फोटोत?"

"मी काढतोय ना, आई."

"मग नकोच फोटो. तुमच्याशिवाय कसला घरचा फोटो?"

डॉक्टरांना एकदम भरून आलं. आता काढणार कोण? तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या काकू, गाल सुजलेला, एका हाताने तो दाबून धरलेला.

"डॉक्टर, दाढ! जीव जातोय हो!"

"लगेच बघतो काकू! फक्त हा एक फोटो काढा."

काकूंच्या गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा पडला तेव्हा त्यांना काय होतंय हेही कळलं नव्हतं. आणि मग डॉक्टरांनी हाताळणीचे धडे सुरू केले.

"डावा हात लेन्सच्या खाली. झेलायचा, धरायचा नाही! कोपरं पोटाशी. अहो काकू, पंख नका पसरू. पाय थोडे फाकवून. आता श्वास घ्या, अर्धा सोडा, अर्धा धरून ठेवा."

"दाढ दुखताना श्वास अर्धा कसा सोडायचा?"

"सवयीने जमतं! आणि बटण दाबायचं नाही, पिळायचं. हळुवार. जणू झोपलेल्या बाळाच्या गालाला हात लावताय."

काकूंनी स्वतःच्या सुजलेल्या गालाला हात लावला.

"तिथे नाही, बटणाला!"

इकडे दोघी बहिणी हसून हसून थकल्या. म्हणजे हसू धरून धरून. मावशींच्या गालाला पेटके आले. सासूबाईंनी एकदा मागे वळून रुमालाने तोंड पुसलं, शेल्फावर काहीतरी ठेवलं आणि पुन्हा समोर बघू लागल्या. डॉक्टरांची पाठ होती. त्यांचं पट्टा गुंडाळण्यावर व्याख्यान चालू होतं.

"डॉक्टर," काकू भिंगातून बघत म्हणाल्या, "मला माणसं पुसट दिसतायत हो."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल, काकू. उद्या तपासून घ्या. कॅमेरा चुकत नाही!"

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मावशींची टॅक्सी! डॉक्टर धावत जाऊन मेहुण्याशेजारी उभे राहिले, पोट आत घेतलं आणि ओरडले, "पिळा!"

काकूंनी पिळलं. पिळलं ते पिळलंच. कॅमेरा मशीनगनसारखा कडकडला, आणि काकूंनी घाबरून बोट काढेपर्यंत फोटोंची नुसती रास पडली.

वरच्या बटणाने आपलं काम चोख केलं होतं. मागच्या बटणाबद्दल काकूंना कोणी सांगितलंच नव्हतं! कोपरं सांगून झाली, श्वास सांगून झाला, बाळाचा गालही सांगून झाला, सांगायचं तेवढंच राहून गेलं.

"बघू, बघू!" मेहुणा पुढे आला.

"थांब! पाठीमागच्या चिमुकल्या स्क्रीनवर डोकावणं हे नवशिक्याचं लक्षण. टीव्हीवर लावतो. मावशी, दोन मिनिटं. टॅक्सीवाल्याला सांगा थांबायला."

कॅमेरा टीव्हीला जोडला. मंडळी सोफ्यावर बसली. काकूही गाल धरून बसल्या, जाणार कुठे? डॉक्टरांनी घसा साफ केला.

"आता बघा, प्रत्येक पापणी मोजून घ्या!"

टीव्हीवर फोटो आला.

समोर खुर्च्यांवर दोन धुक्याचे ढग बसले होते. एक पांढरट, एक करडा. मागे आणखी तीन ढग उभे. त्यातला पोट आत घेतलेला ढग कोण हे सांगायची गरज नव्हती. आणि ढगांच्या मधोमध, शेल्फावर, निळ्या फुलदाणीला टेकून, लख्ख, चकचकीत, दातन् दात मोजून घ्यावा अशी स्पष्ट, सासूबाईंची कवळी!

सगळ्यांच्या माना एकाच वेळी शेल्फाकडे वळल्या. कवळी अजून तिथेच होती.

"किती वेळ हसायचं माणसाने?" सासूबाई बोळक्या तोंडाने पुटपुटल्या. "टोचायला लागली. म्हटलं, तुमचं पिळणं होईतो काढून ठेवावी."

"अहो, फोकस..." बायकोने हळूच विचारलं.

"मागचं बटण," डॉक्टर म्हणाले. आवाज असा, की जणू त्यांचीच दाढ कोणी भूल न देता उपटलीय.

"म्हणजे माझा नंबर नाही वाढला?" काकूंनी विचारलं.

खाली टॅक्सीने पुन्हा हॉर्न दिला. आता नवा फोटो काढायला वेळ कुठला? मावशी चालल्या, एक हसू टिपायचं होतं, तेही आपण धुक्यात घालवलं, या विचाराने डॉक्टरांचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणीही आलं असावं. कॅमेरा परत जाणार याचं दुःख होतंच, पण त्या क्षणी ते दुय्यम होतं.

मावशींनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे.

"ताई," सासूबाई म्हणाल्या, "मी नाही, पण माझे दात तरी हसले बघ!"

आणि मावशी खो खो हसायला लागल्या! पोट धरून, मान मागे टाकून, सोफा डगमगेपर्यंत. त्यांचं पाहून सासूबाईंनाही हसू फुटलं. बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून, डोळ्यांतून पाणी गाळत, एकही दात नसलेलं तोंड सताड उघडून त्या हसत सुटल्या. तोंडावर हात न्यायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"कॅमेरा!" डॉक्टर किंचाळले. कॅमेरा टीव्हीच्या वायरीला बांधलेला! मेहुणा कपाटाकडे धावला, पण किल्ली डॉक्टरांच्या खिशात, आणि डॉक्टर घाईघाईत चुकीचा खिसा उलटा करत होते.

टिक.

काकूंनी एका हाताने गाल धरला होता. दुसऱ्या हातात त्यांचा जुना मोबाईल होता, काचेला आडवा तडा गेलेला. त्या उशिरा आल्यामुळे तो ट्रेमध्ये पडायचा राहिला होता.

"आला वाटतं," काकू म्हणाल्या. "श्वास मात्र धरला नव्हता हं."

आला होता. काय आला होता! मावशी तो बघत बघतच जिना उतरल्या, आणि टॅक्सीच्या काचेतून हात हलवताना रडत होत्या की हसत, ते कोणाला सांगता आलं नाही.

कॅमेरा परत गेला नाही. "त्याच्यामुळेच तर हसलो," असं सासूबाईंनी लेकीला ठणकावून सांगितलं. पण तो बायकोच्या कप्प्यातून निघाला आणि दवाखान्यात गेला. तिथे तो पेशंटच्या दाढांचे फोटो काढतो. दाढा हलत नाहीत, थकत नाहीत आणि जावयाला फोटोत बोलावत नाहीत.

काकूंचा फोटो मोठा करून दवाखान्याच्या भिंतीवर लावला आहे. दातांच्या दवाखान्यात बोळक्या तोंडाचा फोटो! पण येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थबकतो आणि नकळत हसतो. परवा एक नवे गृहस्थ आले. काकू खुर्चीत होत्या, दुसऱ्या बाजूची दाढ दाखवायला.

"वा!" गृहस्थ म्हणाले. "काय जिवंत फोटो आहे, डॉक्टर! हा या तुमच्या कॅमेऱ्यावरच काढला असणार!"

काकूंनी उत्तर द्यायला मोठ्या उत्साहाने तोंड उघडलं.

डॉक्टरांनी तितक्याच तत्परतेने त्यात कापूस भरला.